पाणकीला काय हवं होतं

१

कपालेश्वराची शपथ, माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर यंदा घातलेल्या लोणच्याच्या बरणीची शपथ: यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला तर बरणीला बुरशी येवो! बरणीची शपथ कुणी उगाच घेत नाही, हे ज्यांच्या घरात बरणी आहे त्यांना सांगायला नको.

तर गुरुवारचे साडेअकरा वाजलेले. खालापूरला द्वारकाबाई आमटीला फोडणी देणार, तेवढ्यात फोन वाजला.

"द्वारकाताई, माझं गाव चोरीला गेलं!"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बाई गं, ऊन लागलं का? द्वारकाबाईंनी गॅस बंद केला आणि विचारलं, "अख्खं?"

"अख्खं. माणसांसकट, भुतांसकट."

फोन कर्जतच्या निवेदिताचा होता. ही निवेदिता भुताखेतांच्या कादंबऱ्या लिहायची. पाच झाल्या होत्या, सहावी चालू होती, आणि सगळ्या घडायच्या सावरखिंड नावाच्या गावात. सावरखिंड कुठं आहे विचाराल, तर कुठंच नाही. पण ही बाई अशी हट्टी, की सहा वर्षांपूर्वी एके दिवशी उठली आणि खालापूरला द्वारकाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. द्वारकाबाईंनी मोजणी खात्यात तीस वर्षं नकाशे काढलेले. हिचं म्हणणं, माझ्या गावाचा नकाशा काढून द्या.

"नसलेलं गाव मोजू कशी मी?" द्वारकाबाई हसल्या होत्या.

"आधी गाव, मग भूत, ताई. गावात दळण कुठं मिळतं, एसटी किती वाजता येते, पावसाचं पाणी कुणाच्या शेतातून कुणाच्या शेतात उतरतं, हे वाचणाऱ्याला पटलं ना, की मग चिंचेवर मी काय बसवलंय तेही पटतं. गावच खोटं वाटलं तर भुताला कोण भिणार?"

द्वारकाबाईंना हे इतकं आवडलं की तीन रविवार बसून त्यांनी नकाशा काढला. चढ-उतार, बांध, ओढा, गट नंबर. गंमत म्हणून पाणकी नावाच्या भुताला सातबाराही दिला. इतर हक्कात चिंचेवरची हडळ.

त्या गावाचे सगळे कायदे निवेदिता एका लाल कापडी वहीत लिहायची. कुठल्या भुताला कसला वास, कोण कुठला बांध ओलांडू शकत नाही, शेवट काय होणार, सगळं. ती वही कुणाला दाखवायची नाही. तीच गेली होती.

"आणि वहीच्या जागी, ताई, धान्याची रास ठेवलीय. छोटीशी. मुठीएवढी."

"कसलं धान्य?"

"ते महत्त्वाचं नाही. चोर कोण ते मला कळलंय. चोर माझ्याच घरात आहे."

२

दुपारच्या एसटीनं द्वारकाबाई कर्जतला पोचल्या. दार उघडलं निवेदिताच्या भाचीनं, तेजश्रीनं. बावीस वर्षांची पोरगी, कुंभिवलीची, दोन वर्षं आत्याकडे राहून तिचं लिखाण टाइप करत होती. डोळे सुजलेले.

"या, द्वारकामावशी. चोर बघायला आलात ना? मीच ती."

लिहायच्या खोलीत भिंतीवर मोठा तक्ता होता. डावीकडे भुतांची नावं, समोर तीन रकाने: काय हवं, काय जमत नाही, काय गमवावं लागतं. हडळीला काय हवं? तिच्या सुनेनं एकदा तरी हाक मारावी. गिऱ्हाला काय हवं? हरवलेला बैल. सगळे रकाने भरलेले, एक सोडून. पाणकीच्या समोर 'काय हवं' हा चौकोन कोरा.

"हे रिकामं का गं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

निवेदितानं तोंड फिरवलं. "सापडलंच नाही. पाच पुस्तकं लिहिली, ती पाण्यातून हात काढते, ओढते, पण तिला हवंय काय ते मला ठाऊक नाही. ज्याला काहीच नको ते भूत नव्हे, नुसता बुजगावण्याचा सदरा. म्हणून सहाव्या पुस्तकात संपवतेय तिला. कायमची."

"आणि चोर?"

निवेदितानं कपाट उघडलं. वहीच्या कप्प्यात रास तशीच होती.

"वहीतला चौथा नियम: पाणकी जे नेईल, त्याच्या जागी धान्य ठेवील. हा नियम अजून छापलेला नाही. फक्त वहीत आहे. म्हणजे ज्यानं हे ठेवलं त्यानं वही आधी वाचलेली. घरात सारखा वावर कुणाचा? हिचा." निवेदिताचा आवाज फुटला. "दोन वर्षं पोटच्या पोरीसारखी ठेवली हिला. रविवारी दादा टेंपो घेऊन येतोय. सामान घेऊन जाऊ दे."

तेजश्री दारातूनच म्हणाली, "आत्या, मला लिहायला शिकायचं होतं गं. चोरायला नाही." आणि निघून गेली.

द्वारकाबाईंनी चष्मा लावला, राशीतले चार दाणे तळहातावर घेतले. मग स्वयंपाकघरात जाऊन तांदळाचा डबा उघडून पाहिला. परत येऊन विचारलं, "चौथ्या नियमात नेमका शब्द काय आहे? पाठ असेल तुला."

"'पांढरे शुभ्र तांदूळ, कण्या नसलेले.' का?"

द्वारकाबाईंनी हात पुढे केला. तळहातावर पिवळसर, टोकदार दाणे होते, टरफलासकट. गिरणीचं तोंडही न पाहिलेलं भात.

"तुझ्या घरात असा एकसुद्धा दाणा नाही," त्या म्हणाल्या. "चोर घरून बांधून घेऊन आला होता."

३

निवेदिता रोज आठ ते दहा नदीकडे फिरायला जायची. जाताना भुतांचे संवाद मोठ्यानं बोलायची. कर्जतकरांना सवय झाली होती, भाजीवाली विचारायची, "आज हडळ का गिऱ्हा?" तर गुरुवारी त्या दोन तासांत घरात तिघं होती. तेजश्री गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिच्या प्रकाशनाचा यज्ञेश पुण्याहून चार दिवस मुक्कामाला आला होता, तो बाहेरच्या खोलीत बसून होता. आणि कडावची अंबाबाई दूध घेऊन आली होती. तिचा नातू स्वप्नील रोजचं दूध टाकायचा, पण गुरुवारी आणि शनिवारी म्हातारी स्वतः यायची. दूध मोजायला पाच मिनिटं, गप्पा मारायला दीड तास. निवेदिताला अर्ध्या गोष्टी तिच्याच तोंडून मिळायच्या.

भात तेजश्रीनंच कुंभिवलीहून आणलं असेल, असं म्हणत निवेदिता अडून बसली. शुक्रवारी सकाळी द्वारकाबाईंनी नकाशा टेबलावर पसरला आणि आधी तेजश्रीला बसवलं.

"मला एकच दाखव. पाणकी कुठं राहते? बोट ठेव."

तेजश्रीनं देवळामागच्या विहिरीवर बोट ठेवलं.

"बरं. वही वाचली होतीस?"

पोरगी हळूच म्हणाली, "वाचली. चोरून. शेवट वाचून रडले पण. पाणकी संपते, मावशी! मला राहवेना, मी अंबाआजीला पण सांगितलं."

"कधी?"

"मागच्या शनिवारी. चहा अर्धा टाकून गेली ती."

"हे आत्याला का नाही सांगितलंस?"

"वाचली म्हटलं तर चोरली पण म्हणेल ना?"

"न सांगता काय म्हणाली मग?" द्वारकाबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली.

यज्ञेश तिशीचा, गोरापान, छातीशी कापडी पिशवी धरून बसलेला. पिशवी जड होती आणि तो ती खाली ठेवायला तयार नव्हता.

"पाणकी संपू नये असं तुम्हाला वाटतं म्हणे?"

"मॅडम, वाचक नुसते पाणकीसाठी येतात. मी निवेदितामॅडमना हात जोडले, अजून सहा भाग लिहा म्हणून."

"मग तुमचा फायदाच की, वही गेली तर."

त्याला घाम फुटला. "मी कशाला वही नेऊ? मला काय हवं असतं तर चार पानांचे मोबाइलवर फोटो काढले असते आणि वही जागेवर ठेवली असती!"

द्वारकाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. "अगदी बरोबर बोललात हो," त्या सावकाश म्हणाल्या. "बोट ठेवा."

त्यानंही विहिरीवरच ठेवलं.

"आता पिशवी उघडा."

"नको ना, मॅडम."

"उघडा, नाहीतर मी उघडते. सरकारी नोकरीत होते मी."

पिशवीतून दोरीनं बांधलेला कागदांचा गठ्ठा निघाला. वर सुबक अक्षरात: 'रक्तपिपासू बंगला. लेखक यज्ञेश.' बिचारा तीन महिने तो गठ्ठा घेऊन फिरत होता, निवेदिताला वाचायला द्यायची हिंमत होत नव्हती. लाजून त्याचे कान असे लाल झाले की त्यावर पापड भाजले असते.

द्वारकाबाईंनी दोन पानं वाचली. "गावात दळण कुठं मिळतं ते लिहा आधी," म्हणाल्या, आणि गठ्ठा परत दिला.

राहिली एकच. पण ती तर शनिवारीच येणार होती. आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. मग वही नेऊन ती करणार काय?

४

शनिवारी सकाळी अंबाबाई आली. काळीसावळी, नऊवारी, सत्तरीची, पण चालणं असं की पाठीमागे कुत्रं लागलंय. हातात दुधाची किटली आणि एक स्टीलचा डबा.

"तेजू, ह्यो घे गं तुमचा डबा. शिरा लई ग्वाड झालेला."

डबा तेजश्रीच्या हातात जड लागला. उघडला तर आत वाल.

"आजी, हे कशाला?"

"मंग? रिकामा डबा परत देतात काय? कुनाच्या घरातनं काय आनलं तर त्याची जागा रिकामी ठेवू नाय. घर रुसतं."

द्वारकाबाईंचा चहाचा कप ओठांशी थांबला. त्यांनी निवेदिताकडे पाहिलं. ती आपली चहात बिस्किट बुडवत होती. तिला काहीच वाटलं नाही. हेच वाक्य तिनं कधीतरी या म्हातारीकडून ऐकलं होतं, विसरली होती, आणि मग स्वतःच्या डोक्यातून निघाल्यासारखं वहीत उतरवलं होतं. लिहिणाऱ्यांचं असंच असतं. चिंच कुणाच्या झाडाची ते लक्षात राहत नाही, आंबट लागली तेवढं राहतं.

"अंबाबाई, जरा बसा. माझं एक काम आहे."

"मोजनीवाल्या बाई ना तुमी? आमच्या बांधाचं काय नाय ना निघालं?"

"नाही हो. हा सावरखिंडचा नकाशा. हा चढ, हा ओढा, पाणी असं खाली येतं. मला सांगा, पाणकी कुठं राहते?"

अंबाबाईनं नकाशाकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी कागद धरून गर्रकन फिरवला, वरची बाजू खाली केली. तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली आणि बोट ठेवलं. विहिरीवर नाही. उताराच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं काहीच काढलेलं नव्हतं तिथं.

"इथं?" द्वारकाबाई म्हणाल्या. "इथं तर पाणीच नाही."

चटका बसावा तसं म्हातारीनं बोट मागं घेतलं. "नसल, बाय. माजी नजर गेली आता. येते मी, म्हशीला टोचायला डाक्टर येनार हाय." आणि किटली घेऊन चालती झाली. दूध मोजायचं विसरून.

द्वारकाबाईंनी तो कोरा कोपरा पेन्सिलीनं गोल केला. "निवेदिता, तू कडावला कधी गेलीयस?"

"छे. भाताच्या धुळीनं मला शिंका येतात."

"मग मी जाते," म्हणत द्वारकाबाईंनी नकाशाची गुंडाळी केली.

५

कडावच्या फाट्यावर रिक्षातून उतरून द्वारकाबाई शेताच्या कडेला उभ्या राहिल्या. कापणी केव्हाच झालेली, खाचरं कोरडी पडलेली. त्यांनी नकाशा उघडला, आणि अंबाबाईनं फिरवला होता तसा फिरवला.

अंगावर काटा आला बाई त्यांच्या.

चिंच होती तिथं चिंच. ओढा होता तिथं ओढा. देऊळ, मागं विहीर, बांधाला तेच बाक. जे गाव कुठंच नाही म्हणून त्यांनी तीन रविवार बसून काढलं, ते समोर उन्हात पसरलं होतं आणि त्यात एक म्हैस चरत होती. निवेदितानं नकाशाच्या आधीपासून म्हातारीच्या गोष्टी ऐकून ऐकून, स्वतःला न कळता, कडावच उचललं होतं.

त्या उतारानं खाली निघाल्या. पेन्सिलीच्या गोलाच्या दिशेनं.

"ओ आजी! फुडं जाव नका!"

बांधावर सात-आठ वर्षांची पोर उभी होती. अंबाबाईची पणती, माधवी.

"का गं?"

"पानकी हाय तिथं. पाय धरून वढते. मी नाय येनार फुडं. तुमी बी नका जाव."

द्वारकाबाई चार पावलं पुढं गेल्या आणि थांबल्या. खाली शेततळं होतं. मोठं चौकोनी, काळं प्लास्टिक अंथरलेलं, कडा अशा तिरक्या आणि गुळगुळीत की मांजराची नखंही टिकू नयेत. तारेचं कुंपण होतं, पण दोन ठिकाणी खालून वाकलेलं. आणि पाण्यावर चेंडू तरंगत होते. रबराचे, टेनिसचे, एक लाल, एक फुटका. द्वारकाबाईंनी मोजले. सात.

सात चेंडू. एकही पोरगं आणायला उतरलं नव्हतं.

"मोजून झालं का?" मागून आवाज आला. अंबाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"झालं," द्वारकाबाई म्हणाल्या. "वही कुठंय, अंबाबाई?"

म्हातारीनं लपवाछपवी केली नाही. घरात नेलं, भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि लाल वही बाहेर काढली. फुंकर मारून पदरानं पुसली.

"म्या चोर नाय हां. चोर मागं काय ठेवून जातो का?"

"चोर नाही, माहीत आहे. पण तुमच्यापायी त्या पोरीवर चोरीचा आळ आलाय. उद्या तिला घराबाहेर काढतायत."

अंबाबाईचं तोंड उतरलं. "तेजूला? अरं द्येवा. ह्ये कुनी सांगितलं नाय मला." तिनं भिंतीवरची पिशवी ओढली. "चला, आताच जाऊ."

"आज नको, उशीर झाला. उद्या टेंपो यायच्या आत या. आणि तुम्ही मला जे सांगणार होतात ते तिथं, सगळ्यांसमोर सांगा."

६

रविवारी सकाळी टेंपो निवेदिताच्या दारात उभा राहिला, तेव्हा तेजश्रीची बॅग ओट्यावर होती. बॅगेवर अंबाबाई बसली होती.

"उठा आजी, सामान चढवायचंय," टेंपोतून उतरत तेजश्रीचे वडील म्हणाले.

"आदी माझं आयका, मंग मला बी चढवा," म्हातारी म्हणाली.

द्वारकाबाईंनी वही निवेदिताच्या हातात ठेवली. ती वही उराशी धरून खुर्चीत बसली.

"चोरानं वहीची नक्कल केली नाही, फोटो काढले नाहीत," द्वारकाबाई म्हणाल्या. "म्हणजे त्याला वहीतलं काही नको होतं. वहीतलं घडायला नको होतं. तेजश्रीनं नियम वाचून धान्य ठेवलं असतं तर तुझ्या डब्यातले तांदूळ ठेवले असते, नियमात तसंच आहे. इथं ठेवलं भात. म्हणजे ठेवणाऱ्यानं तुझा नियम वाचलाच नव्हता. तुझा नियम जिथून आला, तिथला तो माणूस होता. आणि पाणकीच्या घरावर तिघांत एकटीनंच वेगळीकडे बोट ठेवलं. का? ते तिलाच विचार."

"निवीबाय," अंबाबाई म्हणाली, "आठ वरसांमागं तळं खनलं. दुसऱ्याच म्हयन्यात आमचं वासरू गेलं त्यात. पोहत व्हतं गं, पन काठावर खूर टिकंना. आमी दोर आनस्तवर गेलं. तवा म्या इचार केला, उद्या पोरगं गेलं तर? कुंपन घातलं. पोरं कुंपनाखालून जातात. भुताखालून कोन जात नाय! मंग म्या पानकी रचली. तुला सांगितलं तवा तळंच सांगितलं व्हतं. तू त्याची हीर केलीस."

निवेदिताचे डोळे खाली गेले. "प्लास्टिकच्या तळ्यावर भूत शोभेना गं, आजी."

"नाय शोभलं तरी कामाचं हाय. आता आमची पोरं तुझी पुस्तकं वाचतात, शाळंत मोठ्यानं वाचून दावतात. त्यात पानकी मेली की कोन भिनार तिला? म्हयन्याभरात सुट्टी लागते. सात चेंडू हायत पान्यात."

रस्त्यावरून एक एसटी गेली.

निवेदिता उठली ती थेट आतल्या खोलीत, भिंतीवरच्या तक्त्यापाशी. सगळे मागोमाग. तिनं पेन उचललं, कोऱ्या चौकोनाशी नेलं आणि थांबली. वळून पेन तेजश्रीपुढं धरलं.

"आत्या?"

"तू लिही. मी सहा वर्षं शोधतेय आणि शेजारी बसलेल्या बाईला विचारलं नाही. तुलाही विचारलं नाही, सरळ चोर ठरवलं. लिही बाळा. आणि ती बॅग आत आण."

तेजश्रीनं नाक पुसलं आणि चौकोनात लिहिलं: 'एकही पोर पाण्यात उतरू नये.'

सहावं पुस्तक निघालं. पाणकी त्यात संपत नाही, आणि विहिरीत राहत नाही. त्या रविवारी हे ठरलं तेव्हा यज्ञेश आनंदानं नाचायचाच राहिला. त्याचा गठ्ठा निवेदितानं ठेवून घेतला, आणि टेंपो रिकामा जाऊ नये म्हणून तेजश्रीचे वडील त्याला पुण्याची बस मिळेल तिथवर सोडायला घेऊन गेले. म्हातारी नियमाची पक्की. टेंपोतही तेजश्रीच्या बॅगेच्या जागी तिनं वालाची पुरचुंडी ठेवली.

आता बरणीची शपथ घेतलीय, आणि कैऱ्या यंदा महाग होत्या, तेव्हा एक गोष्ट कबूल करते. यातलं सगळं खरं, फक्त एक माझ्या पदरचं. पाणकी आपण रचली असं अंबाबाई म्हणाली, असं मी सांगितलं ना? ते मी घातलं, म्हणजे रात्री तुम्हाला झोप लागावी.

तिनं रचली नव्हती. तेव्हा तळ्यात चेंडू गेला तर जाऊ द्या. दुसरा आणता येतो.